नेमी सरोवरातील दोन नौका : शोध, उद्धार आणि नाश

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला 'नेमी' हे नाव बहुधा एकाच वाटेने भेटते. जेम्स फ्रेझर यांचा 'द गोल्डन बाव' हा ग्रंथ १८९० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचा आरंभ होतो तो रोमच्या आग्नेयेस असलेल्या डोंगरांतील या लहानशा सरोवराच्या काठी. तेथे डायना देवतेचे वन होते. त्या वनाच्या पुजाऱ्यास 'वनाचा राजा' म्हणत. हा पुजारी म्हणजे पळून आलेला गुलाम असे. आधीच्या पुजाऱ्यास ठार करून त्याने ते पद मिळवलेले असे, आणि आपणांसही ठार करणारा कोणीतरी एक दिवस येणार हे ठाऊक असल्यामुळे तो हाती शस्त्र घेऊन सदैव सावध राही. या एका प्रथेचा उलगडा करता करता फ्रेझर यांनी खंडामागून खंड लिहिले. मराठीच्या वर्गात लोकसाहित्य शिकवताना आम्हीही या पुजाऱ्याची गोष्ट अनेकदा सांगतो. परंतु त्याच सरोवराच्या तळाशी दोन प्रचंड नौका जवळजवळ एकोणीस शतके पडून होत्या, पाचशे वर्षे माणसे त्यांच्याकडे बुड्या मारीत होती, अखेरीस त्यांच्यासाठी सरोवराचे पाणी उपसण्यात आले, आणि वर काढलेल्या त्या नौका एका रात्रीत जळून गेल्या, ही हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगावी असे आम्हांस वाटते, कारण वस्तू आणि तिची नोंद यांच्या नात्याविषयी तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. नेमी हे मृत ज्वालामुखीच्या मुखात साठलेले गोड्या पाण्याचे सरोवर आहे. रोमपासून ते सुमारे तीस किलोमीटरवर आहे. विस्तार दोन चौरस किलोमीटरांहूनही कमी, खोली तेहतीस मीटरांच्या आसपास, आणि सभोवार उंच कडे. वाऱ्यापासून सुरक्षित असलेले हे पाणी इतके स्थिर असते की प्राचीन रोमन लोक त्याला 'डायनेचा आरसा' म्हणत. काठावर देवतेचे मोठे देवालय होते आणि धनिक रोमनांची उद्यानगृहेही होती. ज्युलियस सीझरने येथे मोठा खर्च करून घर बांधले आणि ते मनाजोगे न झाल्यामुळे पाडून टाकले, असे चरित्रकार स्युटोनियस सांगतो.

याच स्युटोनियसने कॅलिग्युला या सम्राटाचे चरित्र लिहिले. कॅलिग्युलाची सत्ता इसवी सन ३७ ते ४१ अशी जेमतेम चार वर्षांची. ४१ सालच्या जानेवारीत त्याच्याच रक्षकदलातील अधिकाऱ्यांनी त्याचा वध केला. स्युटोनियसने लिहिले ते त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, आणि त्याचे लेखन उघडपणे प्रतिकूल आहे. नेमीचा वनाचा राजा फारच वर्षे पदावर टिकला म्हणून कॅलिग्युलाने त्याच्यावर एक बलवान प्रतिस्पर्धी सोडला, ही गोष्ट त्याचीच. कॅम्पानियाच्या किनाऱ्याने फिरण्यासाठी सम्राटाने बांधवून घेतलेल्या नौकांचे वर्णनही त्याच्याच ग्रंथात आहे. रत्नजडित पिछाडी, रंगीबेरंगी शिडे, प्रशस्त स्नानगृहे, स्तंभयुक्त दालने, इतकेच नव्हे तर नौकेवर वाढवलेले द्राक्षवेल आणि फळझाडे! हे वर्णन वाचून शतकानुशतके विद्वान मान हलवीत आले. द्वेष्ट्या चरित्रकाराची अतिशयोक्ती, असे म्हणून ते बाजूला ठेवणे सोपे होते. नेमीच्या नौकांचा उल्लेख तर आज उपलब्ध असलेल्या प्राचीन ग्रंथांत आढळतही नाही. ग्रंथ त्यांच्याविषयी गप्प होते. बोलत होती ती कोळ्यांची जाळी. तळाशी कशात तरी ती अडकत आणि फाटक्या जाळ्यासोबत एखादा खिळा, लाकडाचा तुकडा वर येई. पाण्याखाली मोठे गलबत आहे ही स्थानिक समजूत या खिळ्यांच्या आधारावर टिकून होती.

या समजुतीची पहिली पद्धतशीर तपासणी १४४६ च्या सुमारास झाली. सरोवराभोवतालचा मुलूख ज्याच्या कुटुंबाच्या ताब्यात होता त्या कार्डिनल प्रॉस्पेरो कोलोनाने हे काम लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याच्याकडे सोपवले. आल्बेर्ती हा वास्तुशास्त्रज्ञ, गणिती आणि ग्रंथकार, पुनरुज्जीवनकाळातील अष्टपैलू पंडितांचा जणू नमुनाच. त्याने रिकामी पिंपे एकत्र बांधून पाण्यावर तरफा उभारला, त्यावर रहाट बसवले आणि जेनोवाहून पट्टीचे पाणबुडे आणवले. त्यांनी बुडी मारून नौकेला आकडे अडकवायचे आणि वरून दोर ओढायचे, अशी योजना होती. नौका हलली नाही. तिचा एक तुकडा मात्र तुटून वर आला. तो पाहायला रोमहून विद्वज्जन आले. इतिहासकार फ्लाव्हिओ बिओंदो याने या तुकड्याची रचना बारकाईने लिहून ठेवली. जाड फळ्या, त्यांवर डांबरात भिजवलेल्या कापडाचा थर, त्यावर शिशाचे पत्रे आणि ते घट्ट धरून ठेवणारे दाट खिळे. आल्बेर्तीने स्वतः नौकांविषयी एक छोटा प्रबंध लिहिला होता. तो आज उपलब्ध नाही. म्हणजे नौका फुटली, तिचा तुकडा नाहीसा झाला, खुद्द शोधकाचा प्रबंधही हरवला, आणि आपल्या हाती राहिली ती एका प्रेक्षकाची टिपणे. या सबंध हकीकतीत पुढे पुन्हा पुन्हा हेच घडताना दिसते, म्हणून वाचकांनी ते ध्यानात ठेवावे.

जवळजवळ नव्वद वर्षांनी, १५३५ च्या जुलैत, फ्रांचेस्को दे मार्की हा बोलोन्याचा लष्करी स्थापत्यकार सरोवरात उतरला. गुल्येल्मो नावाच्या कारागिराने एक विलक्षण साधन तयार केले होते. ते डोक्यापासून कमरेपर्यंतचा भाग झाकणारे लाकडी पिंपच म्हणावे लागेल. डोळ्यांसमोर काच, हात मोकळे, पाय उघडे. दे मार्कीने तळाशी काय अनुभवले ते स्वतः सविस्तर लिहिले, आणि पाण्याखालच्या अन्वेषणाच्या वाङ्मयात ते वर्णन अनोखे आहे. पाण्याच्या दाबाने त्याच्या नाकातोंडातून रक्त आले. काचेतून पाहताना लहान वस्तू मोठ्या दिसू लागल्या. बरोबर खायला नेलेल्या कोरड्या पावाचा चुरा पाण्यात पसरला, त्यावर लहान माशांचे थवे जमले आणि त्याच्या उघड्या पायांना चावू लागले. त्याने हात झटकले तरी मासे काही दूर जाईनात, कारण ते आपल्या घरी होते. ही विनोदी तक्रार करता करता तो एकीकडे नौकेची लांबीरुंदी मोजत होता, लाकूड कोणते आणि खिळे कसे आहेत हे पाहत होता.

दे मार्कीच्या नोंदीत एक मोठी पोकळी मात्र आहे. या पिंपात श्वासासाठी हवा कशी पुरवली जात होती ते त्याने लिहिलेले नाही. ती युक्ती कोणाला सांगणार नाही असे वचन त्याने गुल्येल्मोला दिले होते, आणि ते त्याने पाळले. सज्जनाने वचन पाळावे हे योग्यच. परंतु परिणाम असा झाला की पाण्याखाली दीर्घकाळ थांबू देणाऱ्या आरंभीच्या यशस्वी साधनांपैकी एकाचे रहस्य त्या दोघांबरोबर संपले. माशांनी चावा घेतल्याचे आपल्याला ठाऊक आहे, श्वास कसा घेतला ते ठाऊक नाही. जे लिहिले ते उरले आणि जे लिहिले नाही ते गेले.

यानंतरचे दोन प्रयत्न लोभाच्या छायेत झाले. १८२७ मध्ये आनेसिओ फुस्कोनी याने घंटेच्या आकाराचे, तळ उघडा असलेले आणि आठ माणसे मावतील असे यंत्र पाण्यात सोडले. आत कोंडलेल्या हवेवर श्वास घेत माणसांनी खाली काम करायचे, ही कल्पना एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाच्या नावाशी निगडित आहे. फुस्कोनीला संगमरवराचे तुकडे, फरशीचे नक्षीकाम, खिळे, नळ असे पुष्कळ मिळाले. काही विकले गेले. वर आलेल्या लाकडातून हौशी लोकांसाठी हातातल्या काठ्या आणि तपकिरीच्या डब्या बनवण्यात आल्या. सम्राटाच्या नौकेची अशी तपकिरीची डबी व्हावी, यात एकोणिसाव्या शतकाच्या पुराणवस्तुप्रेमाचे सारे स्वरूप आले.

१८९५ मध्ये एलिसेओ बोर्गी या व्यापाऱ्याने पाणबुड्याच्या साह्याने पुन्हा शोध सुरू केला. त्याला मिळालेल्या वस्तू पाहून आजही थक्क व्हायला होते. तुळयांच्या टोकांवर बसवलेली सिंह, लांडगा आणि चित्ता यांची कांस्यमुखे, त्यांच्या दातांत धरलेली कडी, आणि मेड्युसाचे एक मुख. आज त्या रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. एक नव्हे तर दोन नौका आहेत हेही याच वेळी निश्चित झाले. परंतु या कामात नौकांची लाकडे ओढून काठावर टाकली जात होती आणि तेथे ती उन्हावाऱ्यात कुजत होती. अखेर सरकारने हे काम थांबवले.

सरकारने त्यानंतर जे केले ते आम्हांस या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे कृत्य वाटते, जरी ते सर्वांत कमी नाट्यमय असले तरी. नौदलातील अभियंता व्हित्तोरिओ माल्फात्ती याच्याकडे केवळ पाहणीचे काम देण्यात आले. त्याच्या पाणबुड्यांनी नौकेच्या कडेने ठिकठिकाणी दोऱ्या बांधल्या आणि त्यांच्या वरच्या टोकांना तरंगते बोये लावले. हळूहळू शांत पाण्याच्या पृष्ठभागावर बुडालेल्या नौकेची आकृती बोयांच्या रांगांनी उमटली. एक खिळाही न काढता नौकेचे स्थान, आकार आणि परस्परांतील अंतर कळले. नौका वर ओढण्याच्या फंदात पडू नये, पाणीच खाली उतरवावे, असा सल्लाही माल्फात्तीने दिला. तो सल्ला कागदावर राहिला आणि तीस वर्षांनी उपयोगी पडला.

तो उपयोगी पडला तो काळ आणि ते हात मात्र विचार करायला लावणारे आहेत. १९२२ पासून इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. आपले राज्य हे प्राचीन रोमन साम्राज्याचे पुनरुज्जीवन आहे हे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी त्या सत्तेला प्राचीन अवशेष हवे होते. १९२७ मध्ये मुसोलिनीने नेमीच्या नौका बाहेर काढण्याची घोषणा केली. तिच्यामागे ज्ञानाची ओढ किती आणि मिरवणुकीची हौस किती, हे सांगायला नको. काम हाती घेतले ते मिलानचे उद्योजक ग्विदो उचेल्ली यांनी. त्यांच्या कारखान्याने पंप विनामूल्य पुरवले. सरोवराची पातळी राखण्यासाठी प्राचीन काळी डोंगरातून दीड किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खोदलेला होता. तोच साफ करून, पंपांनी उचललेले पाणी त्यातून बाहेर सोडण्याचे ठरले. म्हणजे विसाव्या शतकाच्या यंत्रांना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी वाट करून दिली.

२० ऑक्टोबर १९२८ रोजी पंप सुरू झाले. २८ मार्च १९२९ रोजी पहिल्या नौकेची लाकडे पाण्यावर दिसू लागली. पाणी खाली जात राहिले आणि त्याच वर्षी दुसरीही नौका उघडी पडू लागली. परंतु पाण्याचा भार नाहीसा झाल्यामुळे तळाचा चिखल अस्थिर झाला होता. २१ ऑगस्ट १९३१ रोजी सुमारे पाच लाख घनमीटर चिखल एकाएकी उसळून सरकला. घाबरून उपसा थांबवण्यात आला, पाणी पुन्हा चढले आणि दुसरी नौका पुन्हा बुडाली. १९३२ मध्ये नौदलाच्या पुढाकाराने काम पुन्हा सुरू होऊन ऑक्टोबरात तीही बाहेर आली. एकंदर पातळी वीस मीटरांहून अधिक खाली आणली गेली होती आणि सुमारे चार कोटी घनमीटर पाणी उपसले गेले होते.

बाहेर आले ते काय होते? पहिली नौका सुमारे ७१ मीटर लांब आणि २० मीटर रुंद. दुसरी सुमारे ७३ मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. जेमतेम दोन किलोमीटरांच्या पाण्यासाठी! या नौकांना कोठे जायचेच नव्हते. दुसरीला वल्ही होती. पहिली बहुधा ओढून नेली जाई. समुद्रातील लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून रोमन लोक जहाजांना शिशाचे पत्रे लावीत. गोड्या पाण्यात तो किडा नसतो, तरीही येथे शिशाचे आवरण होते. कारागिरांनी समुद्रातील जहाज जसे बांधावे तसेच हे खेळणे बांधले होते. फळ्यांच्या कडांना समोरासमोर खाचा पाडून त्यांत लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या आणि वरून खुंट्या ठोकल्या होत्या. मधल्या थरात डांबरात भिजवलेली लोकर होती. वर संगमरवर आणि नक्षीदार फरशा, कांस्याचे कठडे, भाजलेल्या मातीचे नळ. शिशाच्या नळांवर कॅलिग्युलाचे नाव कोरलेले सापडले आणि या नौका कोणाच्या, टायबेरियसच्या की ट्रेजनच्या, हा जुना वाद एकदाचा मिटला.

अभियंत्यांना त्याहून मोठे आश्चर्य वाटले ते यंत्रभागांचे. एका फिरत्या चौथऱ्याच्या अवशेषांत कांस्याचे गोळे सापडले. आपण ज्याला आज बॉल बेअरिंग म्हणतो, त्याच तत्त्वाने तो चौथरा गोळ्यांवर फिरत असे. पाणी उपसण्याचे पंप होते, कांस्याची फिरवायची तोटी होती. दोन नांगरांपैकी एक लोखंडी होता आणि त्याची आडवी दांडी काढता-घालता येत असे. असा नांगर ब्रिटिश आरमाराने एकोणिसाव्या शतकात स्वीकारला, तेव्हा तो आधुनिक सुधारणा म्हणून गाजला होता. त्याच्या अठराशे वर्षे आधी तो एका सरोवराच्या गाळात पडलेला होता. स्युटोनियसने वर्णिलेल्या समुद्री नौका या नव्हेत, हे खरे. परंतु नळ, फरशा, स्तंभ आणि कांस्य पाहिल्यावर त्याचे वर्णन निव्वळ कुत्सित कल्पना म्हणून झटकून टाकणे अशक्य झाले. प्रतिकूल लेखक हेतूंविषयी पक्षपाती असतो, पण म्हणून वस्तूंविषयी तो खोटेच लिहितो असे नाही, हा वाचनाचा एक महत्त्वाचा धडा आहे. ऐतिहासिक साधने शिकवताना आम्हांस त्याची वारंवार आठवण होते.

विद्वानांत आजही एक वाद आहे. या नुसत्या क्रीडानौका होत्या, की डायना किंवा इसिस या देवतांच्या उपासनेशी जोडलेली तरती देवालये होती? इसिसच्या पूजेकडे निर्देश करणाऱ्या काही वस्तू सापडल्या आहेत. आमच्या मते 'की' हा शब्दच येथे सदोष आहे. ज्या सम्राटाने स्वतःलाच देव मानले, त्याच्या नौकेवर विलास आणि पूजा यांच्यात भिंत शोधणे हे आपल्या काळाचे मोजमाप त्या काळाला लावण्यासारखे होईल.

इतकी शतके लाकूड टिकले ते गाळामुळे. थंड, जवळजवळ प्राणवायुरहित गाळात लाकूड कुजवणारे जीव जगू शकत नाहीत. बाहेर काढलेले लाकूड मात्र वाळताना आकसते, फुटते. ओली कापडे पसरून आणि वरून लेप देऊन कामगारांनी शक्य तेवढी काळजी घेतली. पाणी भिनलेले लाकूड टिकवण्याची जी रासायनिक पद्धत १९६१ मध्ये वर काढलेल्या 'वासा' या स्वीडिश जहाजासाठी वापरली गेली, ती तेव्हा नव्हती. वास्तुविशारद मोर्पुर्गो यांनी सरोवराकाठी दोन विशाल दालनांचे संग्रहालय उभारले. १९३५–३६ च्या हिवाळ्यात नौका रुळांवरून आत नेण्यात आल्या. रोम नगरीचा परंपरागत जन्मदिवस मानल्या जाणाऱ्या २१ एप्रिलला, १९४० साली, उद्घाटन झाले. त्याच वर्षी उचेल्ली यांचा 'ले नावी दी नेमी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मापे, आराखडे, छायाचित्रे, प्रत्येक सांध्याचे आणि प्रत्येक यंत्रभागाचे वर्णन त्यात आले. सात आठवड्यांनी इटली महायुद्धात उतरली.

१९४४ च्या मे अखेरीस मित्रराष्ट्रांच्या फौजा रोमच्या दाराशी आल्या होत्या. संग्रहालयाच्या आसऱ्यास आलेल्या लोकांना जर्मन सैन्याने बाहेर काढले आणि इमारतीच्या जवळच आपल्या तोफा मांडल्या. ३१ मेच्या संध्याकाळी त्या परिसरात तोफगोळे पडले. काही वेळाने संग्रहालयातून ज्वाळा निघताना दिसल्या. सकाळी राख उरली होती आणि तिच्यात वितळलेले शिसे. जुलैत नेमलेल्या इटालियन समितीने निष्कर्ष काढला की बहुधा जर्मन सैनिकांनी हेतुपूर्वक आग लावली. त्याला तेव्हापासूनच विरोध होत आला, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासाने कागदपत्रांची फेरतपासणी करून दोष मित्रराष्ट्रांच्या तोफांकडे वळवला आहे. विजेत्यांच्या बाजूला गेलेल्या राष्ट्राच्या समितीने पराभूताला दोषी ठरवावे यात नवल नाही. तसे ठरवले म्हणून ते असत्य ठरते असेही नाही. येथेही प्रतिकूल साक्षीदाराचाच प्रश्न आहे.

येथे स्वाभाविकच मनात येते की या नौका तळाशीच राहिल्या असत्या तर बरे झाले नसते काय? एकोणीस शतके चिखलाने जपलेले माणसांच्या हाती जेमतेम चारच वर्षे प्रदर्शनात टिकले. हा विषाद खोटा नाही. पाण्याखालच्या वारशाविषयी युनेस्कोने २००१ मध्ये स्वीकारलेल्या करारात, अवशेष जेथे आहेत तेथेच जपणे हा पहिला पर्याय मानावा, असे तत्त्व आहे. त्यामागे नेमीसारख्या अनेक ठिकाणची किंमत मोजून आलेले शहाणपण आहे असे म्हणता येईल. परंतु या उत्तरावर थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. नौका तळाशीच राहत्या तर गोळ्यांवर फिरणारा चौथरा, दांडी निघणारा नांगर, नळांवरील नाव यांतील बरेचसे अज्ञातच राहिले असते, आणि रोमन जहाजबांधणीविषयीचे आपले अज्ञान मोठे राहिले असते. मग प्रश्न काढावे की ठेवावे एवढाच उरत नाही. हाती येते त्याचे आपण काय करतो, हा खरा प्रश्न आहे.

या दृष्टीने पाचशे वर्षांच्या शोधकांकडे पुन्हा पाहिले तर त्यांचे दोन वर्ग दिसतात. एक ओढणारे, दुसरे मोजणारे. अनेकदा एकाच माणसात दोघे असतात. आल्बेर्तीच्या आकड्यांनी जे तोडले ते गेले. बिओंदोने जे लिहिले ते आहे. फुस्कोनीच्या काठ्या आणि डब्या कोठे गेल्या कोण जाणे. माल्फात्तीच्या बोयांनी उमटवलेली आकृती आहे. मुसोलिनीच्या मिरवणुकीचे प्रयोजन १९४५ मध्ये संपले. उचेल्लींचा ग्रंथ मात्र आज नेमीविषयी लिहिणाऱ्या प्रत्येकाला उघडावा लागतो, कारण नौका पाहण्याचा दुसरा मार्गच नाही. १९५३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा रिकाम्या दालनांत मूळ आकाराच्या एकपंचमांश प्रतिकृती ठेवता आल्या, त्या या मापांच्या आधाराने.

अर्थात नोंद निष्पाप असते असे आम्ही म्हणत नाही. उचेल्लींचा ग्रंथ त्या सत्तेच्या छत्राखालीच निघाला आणि तिच्या गौरवाचा स्वर त्यात ऐकू येतो. मात्र माणूस आणि त्याच्या काळाची सत्ता एकच नसतात. ज्यूंना साहाय्य केल्यावरून १९४४ मध्ये उचेल्ली आणि त्यांच्या पत्नी यांना अटक झाली, आणि युद्धानंतर त्यांनी मिलानमध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे मोठे संग्रहालय उभे केले. ग्रंथातील गौरवाचा सूर वाचकाने बाजूला काढावा आणि मापे ठेवावीत. स्युटोनियसच्या द्वेषाचे जे करायचे तेच येथेही करायचे.

एक लहान वस्तू या साऱ्याला जोड देते. नौकेच्या फरशीचा हिरव्या आणि जांभळट दगडांचा एक चौकोन कित्येक दशके न्यूयॉर्कमधील एका घरात चहाकॉफीचे टेबल म्हणून वापरात होता.  २०१३ मध्ये एका पुस्तकातील छायाचित्रावरून तो ओळखला गेला, २०१७ मध्ये इटलीस परत करण्यात आला आणि २०२१ मध्ये नेमीच्या संग्रहालयात मांडला गेला. दगड घरातच होता. तो काय आहे हे मात्र चित्राने आणि त्याच्या खालच्या ओळीने सांगितले.

आपल्याकडे जुन्या वाड्यांची तुळई, मंदिराचा खांब, घराण्याच्या कागदांची बासने रोज नाहीशी होत आहेत. सारेच वाचवणे कोणाच्याही हाती नाही. परंतु नाहीसे होण्याआधी मोजणे, उतरवून घेणे, छायाचित्र काढून त्याखाली दोन अचूक ओळी लिहिणे, एवढे तर शक्य आहे. आम्ही विद्यार्थ्यांना हे काम देतो तेव्हा ते त्यांना गौण वाटते; मोठे संशोधन म्हणजे काहीतरी शोधून काढणे अशी त्यांची समजूत असते. नेमीचा इतिहास त्याच्या नेमके उलट सांगतो. वस्तूने एकदा ग्रंथाची साक्ष दिली, आणि वस्तू जळाल्यावर तिची साक्ष देण्याचे काम पुन्हा ग्रंथावरच येऊन पडले. ते काम ग्रंथ करू शकला, कारण कोणीतरी वेळीच दोरी हातात धरून नौकेची लांबी मोजली होती.